कमी, जास्त आणि बरोबर

मराठी माणूस दिवसातून कितीतरी वेळा तीन शब्द उच्चारतो : कमी, जास्त आणि बरोबर. तराजू हातात धरलेला वाणी ते उच्चारतो, भाकऱ्या वाढणारी आई उच्चारते, आणि खाऊची वाटणी होताना ज्याच्या वाट्याला एक बोर कमी आले तो धाकटा तर रडत रडत उच्चारतो. या तीन शब्दांचे मूळ गाव शोधत गेलो तर आपण फारसी-अरबीच्या वेशीवर जाऊन पोचतो. कमी आणि बरोबर हे फारसीतले. जास्त हा अरबी 'जियादत'चा, फारसीची वाट तुडवून आलेला मराठी अवतार. हिशेब, जमा, वजा, बाकी, रक्कम या शब्दांची कुळकथाही तीच आहे. शब्दांवर कोणाची मालकी नसते, आणि ती सांगण्यासाठी हा लेख नाही. पण ज्या मुलाच्या घरात हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या बोलले जातात तेच मूल शाळेत गेल्यावर पहिल्या दोन वर्षांत 'गणितात कच्चे' ठरत असेल, तर त्याचे कारण मुलाच्या डोक्यात शोधण्याआधी आपण इतिहासात शोधले पाहिजे. लहान मुलाला मोजायला आणि दोन संख्यांत मोठी कोणती हे ओळखायला आपल्या मुलखात कसे शिकवले गेले, त्याचा हा धावता आढावा.

धूळ आणि गुबार

जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञात दान दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण यांचे आकडे त्यात ब्राह्मी चिन्हांत कोरले आहेत. महाराष्ट्राच्या भूमीवरचे हे सर्वांत जुन्या आकड्यांपैकी एक लेणे. पण त्या आकड्यांत शून्य नाही. दहाला वेगळे चिन्ह, शंभराला वेगळे, हजाराला वेगळे. अशा लेखनात कोणती संख्या मोठी हे लांबीवरून कळत नाही. हजाराचे एकटे चिन्ह पाहा आणि त्याच्याशेजारी नव्व्याण्णव लिहा. नव्व्याण्णवालाच जागा जास्त लागेल. ज्याला चिन्हांची किंमत पाठ आहे त्यालाच लहानमोठे कळणार.

आपल्याकडच्या अबजदचीही तीच गत आहे. अलिफचा एक, बेचे दोन, जीमचे तीन, दालचे चार, असे करत गैनचे हजार. रिक्षांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर दिसणारा ७८६ हा आकडा याच हिशेबाने निघतो. त्याची धार्मिक बाजू आपण उलेमांवर सोडू. हिशेबाच्या बाजूने पाहिले तर अबजद म्हणजे अक्षरांना चिकटवलेल्या किमती. एखाद्या इमारतीच्या किंवा मृत्यूच्या सालाची 'तारीख' शेरात गुंफायला ही रीत फार सुरेख. दोन संख्यांची तुलना करायला मात्र अवघड. एकटा गैन चार अक्षरी शब्दावरही भारी पडू शकतो.

नऊ अंक, एक शून्य आणि प्रत्येक जागेची ठरलेली किंमत ही रीत हिंदुस्थानात रुजली आणि तुलनेचा प्रश्न एका फटक्यात सोपा झाला. ज्या संख्येत अंक जास्त ती मोठी. अंक सारखे असतील तर डावीकडून पाहत या. सहा वर्षांच्या मुलाला पेलणारा हा नियम जागेच्या किमतीतून आला आहे. सिरियातल्या सेव्हेरस सेबोख्त या ख्रिस्ती विद्वानाने ६६२ साली हिंदूंच्या नऊ चिन्हांची वाखाणणी करून ठेवली आहे. पुढे नवव्या शतकात बगदादच्या अल्‌ ख्वारिज्मीने या हिंदी हिशेबावर पुस्तक लिहिले. मूळ अरबी प्रत आज नाही, लॅटिन अवतार उरला आहे. अरबांनी या अंकांना हिंदी अंक म्हटले, युरोपने त्यांना अरबी म्हटले. देणाऱ्याचे नाव घेण्याचा हा प्रामाणिकपणा आज आठवण्यासारखा आहे. शून्याला आपण उर्दूत सिफर म्हणतो. इंग्रजीतला 'झीरो' त्याच सिफरचा दूरचा नातू.

हा हिशेब करायची पाटी कशाची होती? धुळीची. फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने अंक काढायचा, पुसायचा, पुन्हा काढायचा. पश्चिमेकडच्या अरबांत या अंकांचे नावच 'गुबार' पडले. गुबार म्हणजे धूळ. दमास्कसच्या अल्‌ उक्लिदिसीने ९५२ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात ही धूळफळी सोडून कागद-शाईने हिशेब कसा करावा ते दाखवले. त्याची एक तक्रार मोठी मासलेवाईक आहे : धूळफळी रस्त्यावरच्या ज्योतिष्यांच्या हातात दिसते, म्हणून भल्या माणसाला ती हातात धरायची लाज वाटते. आपल्याकडे मात्र ती लाज कोणाला वाटली नाही. तात्यापंतोजींच्या शाळेत मूल पहिले अक्षर आणि पहिला अंक काढी तो धूळपाटीवरच. 'धुळाक्षरे' हा शब्द त्यातूनच आला. मराठी मुलाच्या बोटाला लागलेली धूळ आणि दमास्कसच्या फळीवरचा गुबार यांच्यात अंतर आहे ते फक्त मैलांचे.

पंतोजी, मौलवी आणि कारकून

एल्फिन्स्टनने १८२४ च्या सुमारास मुंबई इलाख्यातल्या देशी शाळांची माहिती जिल्ह्याजिल्ह्यांतून मागवली, तेव्हा या शाळा पडवीत, देवळात, कोणाच्या तरी ओसरीवर भरत होत्या. त्यांत शिकवण्याचा कणा म्हणजे उजळणी. एक ते शंभर अंक, मग पाढे आणि त्यापुढे अपूर्णांकांचे पाढे : पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. निमकीतला 'निम' पाहा. फारसीत अर्ध्याला नीम, मराठीत निम्मे, संस्कृतात नेम. कोण कोणाचा पाहुणा हा वाद भाषापंडितांनी घालावा. चिंचोक्यांचे दोन वाटे करणाऱ्या मुलाला तिन्ही घरचेच.

ही पावकी-निमकी हौसेची नव्हती. रुपयाचे १६ आणे, शेराची दोन मापटी, मापट्याची दोन चिपटी, चार शेरांची पायली अशा जगात पाव-अर्ध्याचा हिशेब तोंडावर नसेल तर बाजारात फसवणूक ठरलेली. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि लिटर आले, आणि औटकी म्हणणारी पिढी हळूहळू मागे सरली. पण त्या मापांचा एक गुण आपण गमावला. चिपटे दोनदा ओतले की मापटे भरते हे चार वर्षांचे पोर डोळ्यांनी पाहत असे. कमी, जास्त आणि बरोबर हे तिन्ही धडे घरातल्या कणगीपाशीच होत.

दुसऱ्या बाजूला मकतब. तिथेही कणा पाठांतराचाच. तख्तीवर अक्षरे, तोंडाने सबक. मोजणी त्याला समांतर चाले : तसबीहचे ३३, ३३ आणि ३४ मिळून शंभर, बोटांच्या पेरांवर धरलेला हिशेब, फज्रच्या दोन फर्ज रकाती, मगरिबच्या तीन, जोहरच्या चार. कुरबानीच्या गोश्ताचे तीन वाटे करताना मोठ्या भावाच्या हाताखाली बसलेले पोर 'बरोबर' या शब्दाचा अर्थ शिकत होते. ही मोजणी कोणी गणित म्हणून शिकवली नाही. ती अंगवळणी पडत होती.

या दोन्ही शाळांच्या मध्ये एक माणूस उभा आहे, ज्याची नोंद आपण घ्यायला हवी. तो म्हणजे मोडी लिहिणारा कारकून. पेशवे दफ्तरातले कागद उलगडले तर साल अरबी संख्याशब्दांत सापडते. शुहूर सन म्हणतात तो हाच. पानिपतच्या मोहिमेचे वर्ष कारकून लिहितो : 'इहिदे सितैन मया व अलफ'. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १७६०-६१. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस ही मालिका पुण्यातल्या ब्राह्मण कारकुनालाही पाठ करावी लागे, आणि तो ती तक्रार न करता पाठ करी. राज्य कोणाचे आणि शब्द कोणाचे, हा प्रश्न हिशेबाच्या वहीत कोणी विचारला नाही.

याच ओघात एक गोष्ट सांगून टाकू. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'लीलावती' रचली. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, तिचे लग्न मोडले आणि बापाने तिच्या सांत्वनासाठी तिच्या नावाचा ग्रंथ लिहिला, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. ती कुठून आली? अकबराच्या हुकमावरून फैजीने १५८७ मध्ये 'लीलावती'चा फारसी तर्जुमा केला, त्याच्या प्रस्तावनेतून. कथा खरी की कल्पित, कोण जाणे. पण बाप मुलीला हिशेब शिकवतो आहे, हे चित्र एका फारसी कवीने जपले आणि मराठी घरांनी ते आपले मानले. आमच्या समाजात आजही 'मुलीला हिशेब कशाला' असे म्हणणारे आहेत. त्यांनी फैजीची ती प्रस्तावना आठवावी.

म्हणणे आणि कळणे

पंतोजी काय, मौलवी काय, दोघांचाही भर जिभेवर होता. जीभ तरबेज झाली की विद्या आली असे दोघेही मानत. या समजाला धक्का बसला तो विसाव्या शतकात.

गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढले. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे मोठे काम उभे राहिले. मारिया मॉन्टेसरी स्वतः १९३९ मध्ये हिंदुस्थानात आल्या होत्या. त्यांच्या साधनांत अंकांच्या लांब-आखूड दांड्या होत्या, खरखरीत कागदाचे बोटाने गिरवायचे अंक होते आणि काड्यांची एक पेटी होती. या पेटीत शून्यापासून नऊपर्यंत खण. एकच्या खणात एक काडी, दोनच्या खणात दोन. शून्याचा खण रिकामा. 'काही नाही' हेही एक उत्तर आहे, हे त्या रिकाम्या खणातून मुलाला समजते. पण ही साधने महाग. ताराबाई-अनुताईंनी बिया, खडे, शिंपले, पाने, काड्या घेतल्या. जे मुलाच्या अंगणात आहे तेच शाळेत आणले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात नेली. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि पुढे अंगणवाडी हा शब्द घरोघरी पोचला.

दरम्यान स्वित्झर्लंडमध्ये झां पियाजे यांनी मुलांपुढे वस्तूंच्या दोन सारख्या ओळी मांडून पाहिल्या. मुलाने कबूल केले की दोन्हीकडे बरोबर आहेत. मग एक ओळ त्याच्यादेखत लांब पसरली. चार-पाच वर्षांचे मूल म्हणू लागले, लांब ओळीत जास्त आहेत. संख्येची कल्पना मुलात उशिरा येते, असा निष्कर्ष पियाजे यांनी १९४१ च्या ग्रंथात मांडला. १९६७ मध्ये मेहलर आणि बेव्हर यांनी तोच खेळ खाऊच्या गोळ्या मांडून केला, तेव्हा अगदी लहान मुलांनीही जास्त गोळ्यांची ओळ बिनचूक उचलली. गोळ्या खायच्या असल्या की जास्त कुठे आहे ते कळते! मुलाला तुलना येत नाही असे म्हणण्याआधी तुलना कशाची करायला सांगितली, हे पाहावे लागते.

१९७८ मध्ये रोशेल गेल्मन आणि गॅलिस्टेल यांनी मोजणीची उकल केली. एका वस्तूला एकच शब्द. शब्दांचा क्रम कायम. शेवटचा शब्द म्हणजे सगळ्यांची संख्या. वस्तू कोणत्याही असोत. सुरुवात कुठूनही करा. यातली तिसरी पायरी सर्वांत अवघड. कॅरन विन यांनी १९९० मध्ये दाखवले की दहापर्यंत अस्खलित म्हणणाऱ्या लहान मुलाला 'तीन दे' म्हटले की ते मूठभर उचलून देते. म्हणणे आले आहे, कळणे अजून यायचे आहे. दोहोंमध्ये कित्येक महिन्यांचे अंतर असते. आपल्या घरात पाहुण्यांसमोर 'बेटा, गिनती सुनाओ' म्हणून मुलाला उभे केले जाते. त्याने शंभरपर्यंत म्हटले की कौतुक होते. त्याला कोणी म्हणत नाही की बाळा, या ताटातून सात खजूर दे, आणि सांग, तुझ्याकडे जास्त आहेत की अप्पीकडे.

आपल्या मुलाची दुहेरी वाट

आता आपल्या मुलाकडे वळू. त्याची वाट इतरांपेक्षा थोडी वाकडी आहे, हे आकड्यांच्याच बाबतीत दिसते.

सकाळी ते मदरशात जाते. तिथल्या पुस्तकात पानांचे अंक अरबी वळणाचे. त्या वळणात पाच हा गोल आणि शून्य म्हणजे ठिपका. दुपारी शाळेत गोल म्हणजे शून्य. इंग्रजी पुस्तकात नऊ दिसतो तो देवनागरीतल्या एकाचा जुळा भाऊ. उर्दू अक्षरे उजवीकडून डावीकडे जातात, पण त्याच ओळीतला आकडा डावीकडून उजवीकडे. सहा वर्षांच्या जिवाला हे सगळे कोणी समजावून सांगत नाही. ते गोंधळले की त्याच्या वहीवर लाल फुली बसते.

संख्यांची नावे हा दुसरा गुंता. कोकणातल्या मुसलमानाच्या घरी एक, दोन, तीन चालते. सोलापूर-मराठवाड्याच्या दखनी घरात एक, दो, तीन. दोन्हीकडे वीसच्या पुढे खडतर चढण. मराठीत एकोणसाठ, उर्दूत उनसठ. मराठीत ८९ म्हणजे नव्वदाला एक कमी, एकोणनव्वद. उर्दूत तोच नवासी, ऐंशीवर नऊ. नव्व्याण्णवला मात्र दोघेही एकदम सूर बदलतात आणि नव्वदावर नऊ मोजतात. शिवाय मराठी, उर्दू आणि अरबी या तिन्हींत एकक आधी बोलतात : तेवीस, तेईस, सलासा व इश्रीन. कानाला तीन आधी ऐकू येतात, हाताने मात्र दोन आधी लिहायचे. म्हणून मूल तेवीसचे ३२ लिहिते, आणि मग २३ मोठे की ३२ हे विचारले की गडबडते. सोलापूरच्या त्याच गल्लीतला कन्नड बोलणारा मुलगा 'इप्पत्तमूरू' म्हणतो, म्हणजे वीस-तीन. त्याचा कान आणि हात एकाच दिशेने चालतात.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीने 'वीस एक' असे वाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर (त्यांचे २०२३ मध्ये निधन झाले) शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरांनी भरलेली नावे मुलांना जड जातात, आणि जुनी नावे काढलेली नाहीत. मराठी अस्मितेचा प्रश्न झाला, थट्टा झाली, विधिमंडळात चर्चा झाली. एक गोष्ट फारशी कोणी विचारली नाही : ज्या मुलाच्या घरी मराठी बोलली जात नाही, त्याला कोणते नाव सोपे? दोन्ही बाजूंत तथ्य होते. तेवीस हा बाजाराचा शब्द आहे, तो मुलाला यायलाच हवा. वीस-तीन हा समजुतीचा पूल आहे, तोही हवा. पुलावरून चालत गेलेल्याला पलीकडचे गाव परके होत नाही.

सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितले की ६ ते १४ वयोगटातली २५ टक्के मुस्लिम मुले एकतर कधी शाळेत गेली नाहीत किंवा मध्येच गळली. गळतीला गरिबी हे मोठे कारण आहेच. पण मूल शाळेला कंटाळते ते पहिली-दुसरीत, आणि तिथे त्याला नापास करणाऱ्या गोष्टींत आकड्यांची नावे असतात. हेच मूल चार वर्षांनी बापाच्या फळगाडीवर उभे राहून सुट्या पैशांचा हिशेब चुकू देत नाही. ब्राझीलच्या रेसिफे शहरात १९८५ मध्ये कराहर, कराहर आणि श्लिमान यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांची परीक्षा घेतली. गाडीवर त्यांचे ९८ टक्के हिशेब बरोबर आले. तेच हिशेब कागदावर आकडेमोड म्हणून दिले तेव्हा ३७ टक्के. मुले तीच, डोकी तीच. मालेगाव, भिवंडी, मिरजच्या बाजारात असे प्रयोग करायला कोणी परदेशातून यायची गरज नाही. आपण फक्त थांबून पाहिले पाहिजे.

इतिहासातून निघणारे काम फार मोठ्या खर्चाचे नाही. २०२१ च्या निपुण भारत अभियानाने संख्याज्ञान हे लहान वयाचे उद्दिष्ट म्हणून मान्य केलेच आहे. पण सरकारी पत्रकाने मुलाला तीन कळत नाहीत. ज्या मदरशात रोज तासभर पन्नास मुले बसतात तिथे मूठभर चिंचोके आणि एक तसबीह एवढे पुरते. मौलवी साहेबांनी आठवड्यातून एकदा दोन मुलांसमोर दोन ढीग करून विचारावे, जास्त कुठे? कितीने? पुस्तकातले पान दाखवून सांगावे की हा गोल इथे पाच आहे, शाळेत शून्य. अंगणवाडीच्या ताईंनी दखनी बोलणाऱ्या मुलाचा 'दो' चुकीचा धरू नये. खडे दोन उचलले असतील तर उत्तर बरोबर आहे. आईने भाकऱ्या मोजून वाढायला मुलालाच बसवावे, आणि मुलगी असेल तर आवर्जून बसवावे.

नाणेघाटाच्या दगडापासून शुहूर सनाच्या मोडी कागदापर्यंत या मुलखातल्या आकड्यांनी कोणाची जात-जमात विचारली नाही. ते एका भाषेतून दुसरीत गेले, धुळीवर लिहिले गेले, पुसले गेले, पुन्हा लिहिले गेले. पहिलीच्या वर्गात बसलेल्या आपल्या मुलाला त्या आकड्यांवर इतरांइतकाच हक्क आहे. कमी नाही, जास्त नाही, बरोबर.